बोळकीची झोप

मामा कधी कुणावर ओरडत नसत. ओरडायची वेळ आली की ते चष्मा काढत, शर्टाच्या टोकानं पुसत आणि परत डोळ्यांवर चढवत. त्या हिवाळ्यात त्यांच्या चष्म्याच्या काचा जेवढ्या लख्ख राहिल्या तेवढ्या आयुष्यात कधी राहिल्या नव्हत्या.

“अक्का,” चष्मा पुसता पुसता त्यांनी विचारलं, “हे पिवळं काय आहे?”

“उकडलेल्या अंड्याचा बलक,” अक्का म्हणाल्या. “थोडासाच दिलाय. एकदम जड नको म्हटलं.”

गॅलरीतल्या कुंडीत मामांचं माश्या खाणारं झाड होतं. त्याच्या दोन जबड्यांत बलक भरलेला होता. जबड्यांच्या कडेला सांडला तेवढा कापसाच्या बोळ्यानं टिपूनही घेतलेला दिसत होता. अक्कांचं सगळं आयुष्य रुग्णालयात परिचारिका म्हणून गेलं होतं. भरवलं की तोंड पुसायचं, हे त्यांच्या हाताला सांगावं लागत नसे.

“झाडाला अंडं?”

“मग काय देतात? तूच म्हणालास ना, हे मांस खातं म्हणून. घरात मांस नव्हतं. किती मलूल झालंय बघ. पानं काळी पडायला लागलीत.”

“ती पडायलाच हवीत, अक्का. बोळकीला झोप येतेय.”

“छोट्या,” अक्का शांतपणे म्हणाल्या, “झोप आल्यावर कुणाचे हातपाय काळे पडलेले मी तरी बघितले नाहीत. आणि मी पुष्कळ माणसं झोपलेली बघितलीत.”

छोट्याच्या डोक्यावर एकही काळा केस उरला नव्हता. त्यानं चष्मा पुन्हा काढला.

मामा कवळ्या बनवायचे. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिच्यात त्यांचं टेबल, मेण वितळवायचा दिवा, घासून चकचकीत करायचं चाक आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई माणसांच्या तोंडाचे ठसे घ्यायच्या, मागच्या खोलीत मामा त्या ठशांवरून हिरड्या घडवायचे आणि त्यांत एकेक दात बसवायचे. डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण त्याही त्यांना मामाच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला सगळे मामी. रस्त्यात कुणी हसलं की मामांना आधी दात ओळखू यायचे, माणूस मागाहून. धंदा म्हटला तर निम्मा थांबण्याचा. मेण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, प्लास्टर धरेपर्यंत हलवायचं नाही. घाई केली की कवळी बोलताना टकटक वाजते, मग माणूस आयुष्यभर बनवणाऱ्याला शिव्या घालतो. मामांना थांबता यायचं. आपण सोडून जगात दुसऱ्या कुणाला ते येत नाही, हे त्यांचं मुख्य दुःख होतं.

झाड त्यांच्याकडे धंद्यातूनच आलं. एका आजींना त्यांच्या जुन्या दातांसारखेच, जरासे वाकडे पुढचे दात हवे होते. सरळ दात लावले तर आरशातली बाई परकी वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मामांनी मेणाचा नमुना पुन्हा पुन्हा बदलला आणि अखेर तो वाकडेपणा साधला. आजी कवळी घालून आरशात बराच वेळ बघत राहिल्या, आणि पुढच्या खेपेला चहाच्या कान तुटलेल्या कपात हे रोप घेऊन आल्या. “तुमच्या धंद्यातलंच आहे,” म्हणाल्या. तेव्हा रोपाचा एकही जबडा उघडलेला नव्हता, म्हणून मामांनी त्याचं नाव ठेवलं बोळकी. पुढे तिला भरपूर जबडे आले, कडेनं दातांच्या रांगा आल्या, आत लाली आली, पण नाव तेच राहिलं.

बोळकीला फार काही लागत नसे. मामा दवाखान्यातलं डिस्टिल्ड पाणी बाटलीत भरून आणायचे, कारण नळाच्या पाण्यातले क्षार तिला सोसत नसत. खत नको, लाड नकोत. भूक लागली की तिची ती शिकार करायची. लागायची ती फक्त हिवाळ्यातली झोप. थंडी पडली की पानं काळी पडून गळायची, वरून बघणाऱ्याला वाटावं कारभार आटोपला, पण सगळा जीव मातीखाली बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या कंदात जाऊन बसायचा. तीन-एक महिने निजायची आणि ताजीतवानी होऊन उठायची.

अडचण एवढीच की मामांच्या शहरात थंडी नावापुरती होती. सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी तो कमरेला बांधून परत यायचा. इतकी वर्षं मामा तिला गॅलरीच्या कोपऱ्यात, पावसाच्या पाण्याच्या पाइपामागे ठेवायचे. तिथं ऊन नसे, वारा बोचरा असे, कसंबसं भागायचं. पण गेल्या हिवाळ्यात वाऱ्यानंही दगा दिला. बोळकीचा डोळा लागतो न लागतो तोच ऊब यायची आणि ती नवं पान काढायची. रात्रभर कुणी दार ठोठावत राहावं तसा तिचा हिवाळा गेला. वसंतात पानं आली ती दोऱ्यासारखी, जबडे मसुराच्या दाण्याएवढे. मामांना कळून चुकलं होतं की आणखी एक हिवाळा असा गेला तर बोळकी उठायची नाही.

आणि नेमक्या याच हिवाळ्याच्या तोंडावर अक्का नोकरीतून निवृत्त होऊन भावाकडे राहायला आल्या.

अक्कांना काही बोलायची सोय नव्हती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मामांना त्यांनीच भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं. आता निवृत्तीनंतरही त्या उजाडायच्या आत उठत आणि वॉर्डातून फेरी मारावी तशी घरातून फेरी मारत. मामींच्या पांघरुणाची घडी सारखी करत, मामांच्या कपाळाला हात लावून बघत, आणि शेवटी गॅलरीत जात. काही कोमेजलेलं दिसलं की ते उठवायचं, एवढं एकच काम त्यांनी जन्मभर केलं होतं. बोळकीला त्यांनी आधी नळाचं पाणी घातलं, मग स्वतःची ताकदीची गोळी विरघळवून घातली, मग उन्हात नेऊन ठेवलं. बलक त्यानंतरचा.

“कुलूप लावू का गॅलरीला?” मामांनी मामींना विचारलं.

“लावा. त्या किल्ली शोधून काढतील आणि कुलपाला तेल घालून ठेवतील.”

राहिला फ्रिज. जिथं हवामान साथ देत नाही तिथं लोक ही झाडं फ्रिजमध्ये निजवतात, हे मामांना ठाऊक होतं. पण घरातला फ्रिज हा घरातला फ्रिज नव्हताच, तो मामींचा कारखाना होता. मामी ऑर्डरप्रमाणे केक करून द्यायच्या. वरच्या खणात क्रीम, मधल्यात अर्धे झालेले केक, दारात लोणी आणि अंडी. घरातल्या माणसांच्या भाज्या खालच्या ड्रॉवरमध्ये दाटीवाटीनं राहत.

“अगं...” मामांनी सुरुवात केली.

“नाही.”

“मी अजून काही बोललोय का?”

“तुम्ही ‘अगं’ असं लांबवलंत की मागून माती येते. लोकांच्या वाढदिवसाचे केक असतात त्यात. मातीचा वास लागलेलं क्रीम कोण खाईल?”

मग मामांनी दवाखान्यातल्या छोट्या फ्रिजबद्दल विचारून बघितलं. डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला.

“मामा, त्यात भूल द्यायची इंजेक्शनं असतात.”

“डबा बंद असेल. कुणाला दिसणारसुद्धा नाही.”

“आणि दिसला तर? दात काढायला आधीच थरथरत आलेल्या माणसाला फ्रिजमध्ये दात असलेलं झाड दिसलं, तर तो खुर्चीत बसेल?”

“पण ती झोपलेली असेल.”

“मी असते तर पळाले असते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

शेवटी मामी विरघळल्या त्या स्वतःहूनच. एका सुटीच्या भर दुपारी त्या गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या, तर मामा स्टुलावर बसून केकच्या खालच्या पुठ्ठ्यानं कुंडीला वारा घालत होते. घाम त्यांच्या नाकावरून टपकत होता. मामींनी थोडा वेळ बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“आणा,” त्या म्हणाल्या. “पण माती सगळी धुऊन. बंद डब्यात, आणि डबा परत पिशवीत. क्रीमला जराही वास लागला तर तुम्ही आणि ती, दोघंही गॅलरीत निजायचं.”

मामांनी त्याच संध्याकाळी बोळकीला कुंडीतून काढलं, काळी पानं कापली, मुळं डिस्टिल्ड पाण्यात धुतली, ओलसर शेवाळात गुंडाळलं आणि डब्यात ठेवलं. डबा खालच्या ड्रॉवरमध्ये गाजरांच्या मागे गेला.

“अक्कांना सांगून ठेवा,” मामी म्हणाल्या.

“काही गरज नाही. सांगितलं की तिला काळजी लागते, आणि काळजी लागली की ती भरवते.”

“न सांगितलं की शोधतात. बघा बाई.”

मामांनी ऐकलं नाही. अक्कांनी रिकामी जागा बघून झाड कुठं गेलं म्हणून विचारलं, तेव्हा ते “दवाखान्यात ठेवलंय” म्हणून मोकळे झाले. अक्कांना ते पटलं. त्यांच्या मते आजारी असलेल्या कुणालाही दवाखान्यात ठेवणंच बरोबर होतं. “लवकर नेलंस हे बरं केलंस,” असंही त्या म्हणाल्या, आणि मामांना जरा चोरट्यासारखं झालं.

काही आठवडे सुखाचे गेले. मामा दर रविवारी अक्का अंघोळीला गेल्या की डबा उघडून बघत. कंद टणक होता, पांढरा होता. बोळकी इतकी गाढ निजली होती की बघूनच मामांचे खांदे सैल होत.

मग एका संध्याकाळी ते घरी आले, तर स्वयंपाकघरातून केकचा आणि त्याखाली दुसराच काहीतरी ओलसर, कोमट वास आला. ओव्हनमध्ये केक फुगत होता. तापलेल्या ओव्हनच्या माथ्यावर घडी केलेला टॉवेल, टॉवेलवर सूप प्यायचा वाडगा, वाडग्यात कोमट पाणी, आणि पाण्यात बोळकी. वरून टेबललॅम्पचा उजेड सोडलेला होता. शेजारी अक्का एक हात वाडग्याला लावून उभ्या होत्या. मामी दाराच्या चौकटीत, केकचा रिकामा खोका हातात तसाच धरून.

“हा केक ओव्हनमध्ये लावून मी दुसरा पोचवायला गेले होते हो,” मामी म्हणाल्या. “आल्यावर बघते तर हे.”

“गाजरं काढायला गेले,” अक्का म्हणाल्या. “तर ही मागे, पिशवीत गुंडाळलेली. बर्फासारखी गार पडलेली, छोट्या! कुणी टाकलं हिला तिथं? पण उशीर झालेला नाही. ऊब दिली, मीठ-साखरेचं पाणी दिलं, आता बघ...”

“मीठ?” मामा म्हणाले.

“चिमूटभर. साखर जास्त.”

मामांनी चष्म्याला हातच लावला नाही.

“मीठ दिलंस तिला? मीठ?” त्यांचा आवाज एवढा चढला की मामी दोन पावलं मागे सरकल्या. “मी टाकलं तिला तिथं! मी! ती मरत नव्हती, ती झोपली होती! गेल्या वर्षी झोपली नाही, या वर्षी झोपली नाही तर संपेल. म्हणून मी बायकोच्या हातापाया पडलो, डॉक्टरीणबाईंकडून हसं करून घेतलं, आणि कशीबशी निजवली. आणि तू ऊब देतेस! भरवतेस! या घरात कुणाला स्वस्थ पडू म्हणून देत नाहीस तू!”

अक्कांनी वाडग्यावरचा हात काढून घेतला.

“मला दवाखान्यात आहे म्हणून सांगितलं होतंस,” त्या हळूच म्हणाल्या.

ते खरंच होतं, आणि त्यामुळे मामा आणखीच वैतागले. ते धपकन खुर्चीत बसले. आता ओरडून काही होणार नव्हतं आणि समजावून तर आजवर कधीच झालं नव्हतं.

“अक्का, एक सांग,” ते दमल्यासारखे म्हणाले. “सकाळी ऑपरेशन आहे, रुग्णाला उपाशी ठेवलंय, आणि आदल्या रात्री नातेवाइकानं चोरून डबा आणून त्याला जेवू घातलं. तर तू काय करायचीस?”

अक्कांचा पाठकणा नकळत ताठ झाला. “वॉर्डाबाहेर काढायची. आणि जाताना सगळ्यांसमोर झापायची. मायेनं जीव घेतात मेले.”

“मग आत्ता तू तो नातेवाईक आहेस.”

अक्कांनी बोळकीकडे बघितलं, पदराला हात पुसले आणि टेबललॅम्प विझवला.

“नाडी कुठं लागते हिची?” त्यांनी विचारलं.

मामांनी कंद दाखवला. पांढरा आणि टणक म्हणजे जिवंत, तपकिरी आणि मऊ म्हणजे गेला. अक्कांनी चष्मा लावला, बोटाच्या टोकानं कंद चाचपला. एका बाजूला तो दबत होता.

“इथं सडतंय. कापायला लागेल.”

“मेणाची सुरी आहे माझ्या पिशवीत.”

“आधी उकळत्या पाण्यात घाल ती. सूनबाई, स्वच्छ रुमाल.”

अक्कांना मामी भावजय लागायच्या, पण घाईच्या वेळी अक्का त्यांना सूनबाईच म्हणायच्या आणि मामीही निमूट ऐकायच्या. अक्कांनी चिमट्यात कंद धरला आणि मामांनी सडका भाग कापला. दोघांचेही हात जराही हलले नाहीत. नंतर मामांनी घरात होतं नव्हतं तेवढं डिस्टिल्ड पाणी ओतून मुळं धुतली, पुन्हा धुतली, आणि उरलेली बोळकी नव्या शेवाळात गुंडाळली. उरली होती ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी.

“वाचेल?” मामींनी विचारलं.

“शुद्धीवर येईपर्यंत सांगता येत नाही,” उत्तर अक्कांनीच दिलं. “उपाशी ठेवायची. हलवायची नाही. भेटायला कुणी यायचं नाही.”

मामांना वाटलं, सुटलो. पण तिथून खरा ताप सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये थर्मामीटर आला. स्वयंपाकघरात फ्रिजसमोर अक्कांचं स्टूल आलं. मामी लोणी काढायला गेल्या की “दार किती वेळ उघडं ठेवतेस?” म्हणून आवाज यायचा. मामींनी केकवर गुलाब काढायचे की घड्याळाकडे बघायचं, हेच त्यांना कळेनासं झालं.

“अहो, तुमच्या बहिणीला आवरा,” त्या मामांना म्हणाल्या. “माझ्याच फ्रिजला मी विचारून हात लावते आता.”

“मी काय सांगणार? मलाही बघू देत नाही.”

आणि खरंच देत नव्हत्या. पहिल्याच रविवारी मामा ड्रॉवरशी वाकले, तर पाठीमागून अक्का म्हणाल्या, “भेटीची वेळ संपली.”

“अक्का, झाड माझं आहे.”

“सगळे असंच म्हणतात. ‘आमचाच माणूस आहे.’ आणि मग खिशातून लाडू निघतो.”

“माझ्या खिशात काही नाही!”

“हात धुतलेस?”

मामा चष्मा पुसत बाहेर गेले.

एकदा दिवसभर वीज गेली. नेमका त्याच दिवशी मामींना लग्नाचा तीन मजली केक द्यायचा होता, आणि मधल्या खणातलं क्रीम दुपारपर्यंत घाम सोडायला लागलं. अक्का कुणाला न सांगता बाहेर पडल्या. परतल्या त्या दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या घेऊन, धापा टाकत. मामींना वाटलं, आता सगळा बर्फ खालच्या ड्रॉवरमध्ये जाणार. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पण अक्कांनी दोन्ही पिशव्या क्रीमभोवती रचल्या.

“आणि ती?” मामींनी न राहवून विचारलं.

“ती कळ काढेल थोडी. क्रीमला काढता यायची नाही. ज्याला आधी लागतं त्याला आधी.” मग त्यांनी ओला टॉवेल पिळून डब्यावर घातला आणि स्टुलावर बसल्या. केक वेळेवर गेला. मामी पोचवून परत आल्या तेव्हा अक्का स्टुलावरच, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. या घरात आल्यापासून त्यांना दिवसाउजेडी झोपलेलं कुणी बघितलं नव्हतं. वीज परत आली होती, दुसरी ऑर्डरही बाकी होती, पण मामींनी मिक्सर लावला नाही. मामा घरी येऊन तोंड उघडणार तोच त्यांनी त्यांना हातानंच गप्प केलं. “भेटीची वेळ नाही,” त्या कुजबुजल्या.

दिवस मोठे व्हायला लागले तसा मामांनी डबा बाहेर काढायचा विषय काढला. अक्कांनी थर्मामीटर बघितला, कंद चाचपला, आणि आणखी आठवडाभर थांबायला सांगितलं. मामा थांबले. थांबण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून थांबणं त्यांना फार जड गेलं. अखेर एकदाची परवानगी मिळाली. बोळकी नव्या कुंडीत, नव्या शेवाळात गेली आणि गॅलरीत आली.

काहीच झालं नाही. कुंडीत एक काळपट ठिपका दिसत होता, बस. शेजारच्या कुंड्यांतली मामांची दुसरी झाडं, ज्यांना ही हवा चालत होती, ती पानं काढून मोकळी झाली. बोळकी तशीच. मामांचा जीव टांगणीला लागला होता. कामात एका माणसाचा वरचा दात खाली बसवला, इतके ते हरवले होते. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खोलीतून विचारलंही, “मामा, तुमची ती उठली का?” मामांनी चाक सुरू केलं. त्यावरून काय ते कळून त्या पुन्हा विचारायला गेल्या नाहीत.

घरी येऊन मामा चमचा घेऊन गॅलरीत गेले.

“काय करतोस?” अक्का मागे होत्याच.

“खालून बघतो. जिवंत असेल तर असेल, नाही तर नाही. असा रोज रोज घोर नको.”

“चमचा दे.”

“अक्का, गेली ती. तू पण बोलत नाहीस, मी पण बोलत नाही. मीठ गेलं होतं पोटात, निम्मी कापली...”

“छोट्या, बरे होत आलेले टाके कुणी उघडून बघतं का?” अक्कांनी त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला. “मीठ मी घातलं होतं. मला तुझ्यापेक्षा जास्त घाई आहे. तरी मी थांबलेय ना? तूच तर म्हणतोस, मेण गार होईपर्यंत हात लावायचा नाही.”

मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आपलंच वाक्य आपल्याला ऐकवलं जाण्यासारखा दुसरा वैताग नाही.

आणि मग एका सकाळी अक्कांच्या फेरीच्या वेळी मामांच्या कपाळाला हात लागला नाही, त्यांचा दंड धरून हलवला गेला. ते चष्मा चाचपत गॅलरीत गेले. काळपट ठिपक्याच्या मधोमध हिरव्या रंगाचा एक बारीक आकडा वर आला होता. त्याच्या टोकाला, तांदळाच्या दाण्याहून लहान, घट्ट मिटलेला जबडा होता.

“बोळकी,” मामा म्हणाले, आणि कुंडीशी वाकले.

“जागी झाली,” अक्का म्हणाल्या. डोळे पुसून झाल्यावर लगेच त्यांनी कमरेवर हात ठेवले. “आता काय द्यायचं हिला?”

“काही नाही!”

“इतक्या दिवसांचा उपास...”

“अक्का! अंडं नाही, गोळी नाही, मीठ-साखर नाही. जबडा उघडला की तिची ती माशी धरेल. एक माशी. तीही आपणहून आलेली.”

अक्कांनी मान डोलावली. इतक्या सहज डोलावली की मामांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

दोन-तीन आठवड्यांनी जबडा उघडला. त्या दिवशी मामा कामावरून आले तर मामींचा आवाज जिन्यातच ऐकू येत होता. आत सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. आयुष्यभर वॉर्डाच्या खिडक्यांना जाळ्या लावून घेतलेली, एक माशी आत आली तर सगळ्या आयांना धारेवर धरणारी बाई गॅलरीत कुंडीशेजारी बसली होती. कुंडीला लागून बशी होती, आणि बशीत मामींच्या ताज्या क्रीमचा चांगला ढबू गोळा.

“आपणहूनच यायला हवी ना?” अक्का हळू आवाजात म्हणाल्या. “मी फक्त बोलावतेय. हलू नकोस तिथं. एक येऊन गेली मघाशी, अजून घिरट्या घालतेय.”

“लोकांच्या केकवर बसतायत त्या!” मामी आतून ओरडल्या. “अहो, सांगा काहीतरी!”

मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी मामींसाठी आतल्या खिडक्या लावल्या, गॅलरीत जाऊन मागचं दार घट्ट ओढून घेतलं आणि ते अक्कांशेजारी दुसरं स्टूल ओढून, न हलता बसले.